तसबिरीमागची प्लेट

बाबा मुंबईला गेले त्या वर्षी आई मिठागरावर कामाला लागली. तोवर ती भातशेती बघायची, ओहोटीला खाडीत उतरून कालवं काढायची, पण मीठ ओढायचं काम बाबांचं होतं. ते गेल्यावर मुकादमाने जागा दुसऱ्या कोणाला देऊ नये म्हणून ती स्वतः जाऊन उभी राहिली. मी तेव्हा सातेक वर्षांची असेन, ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. सकाळी निघताना आई पायांना तेल चोळायची. दुपार टळल्यावर परत यायची तेव्हा त्याच पायांच्या भेगांतून रक्त आलेलं असायचं. मिठाच्या पाण्यात रोज उभं राहणाऱ्या माणसाची जखम भरत नाही, हे मी पुस्तकात नाही, तिच्या टाचांवर शिकले. ती पाय कोमट पाण्यात सोडून ओटीवर बसायची आणि सांगायची, "थोडा येल माज्याशी कोनी बोलू नका."

तांदळाची भाकरी असायची, सुका जवळा असला तर असायचा. मिठाला मात्र आमच्याकडे तोटा नव्हता.

करावे गावात तेव्हा सगळे सगळ्यांना ओळखायचे. वाटेत कोणी ना कोणी विचारायचंच, "बापूस कुठं गेला गो तुजा?" मी छाती काढून सांगायची, "मुंबईला. गोदीत कामाला." गोदी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. पण बाबा पैसे पाठवत नाहीत, पत्र पाठवत नाहीत, होळीलासुद्धा आले नाहीत, याचं मला कधी आश्चर्य वाटलं नाही. आमच्या गावात होळीला माणूस कुठूनही घरी येतो. एवढ्यावरून तरी मला कळायला हवं होतं, पण सात वर्षांच्या पोरीला काय कळणार.

नऊ महिन्यांनी ते परत आले ते अंगाने भरून आणि रंगाने उजळून. लोक म्हणाले, "मुंबईचा पानी मानवला." बाबा हसले. दुसऱ्या दिवसापासून मिठागरावर गेले आणि महिन्याभरात पुन्हा होते तसे काळे झाले. आई मिठागरावरून घरी आली, पण तिच्या टाचा काही पुन्हा पूर्वीसारख्या झाल्या नाहीत.

मग मोजणीवाले आले. साखळ्या, झेंडे, खुंट्या. नवीन शहर होणार म्हणाले. शेती गेली, पाठोपाठ मिठागर बंद पडलं. जिथे मीठ पिकायचं तिथे मातीचे ट्रक रिकामे होऊ लागले. बाबांना एका इमारतीच्या कामावर वॉचमनची नोकरी लागली. दिवसभर सिमेंटच्या गोणींशेजारी खुर्ची टाकून बसायचं. ते म्हणायचे, "बसून बसून दमायला होतं, हे मना म्हाईत नव्हता." मला त्यात तेव्हा गंमत वाटायची. आता वाटत नाही.

मी शिकत राहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि गावातल्या मुलींतही पहिली. हे मी कधी लपवलं नाही, आजही लपवत नाही. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र घेऊन. सरकारी कागद आला की आळीतली माणसं तो घेऊन आमच्या ओटीवर यायची. मी वाचायची, अर्ज लिहायची, साहेबासमोर त्यांच्या वतीने बोलायची. मोठ्या माणसांना काही विचारलं की त्यांच्याआधी मी उत्तर द्यायची. लोक कौतुक करायचे आणि मला त्याची सवय लागली होती.

मी शेवटच्या वर्षाला होते आणि ताईचा साखरपुडा झाला होता, तेव्हा बाबांच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं. त्यांनी बरेच दिवस ते कळू दिलं नाही. स्वतःचा पंचा स्वतः धुवायला लागले, त्यावरून आईच्या लक्षात आलं. सगळ्या जन्मात ज्या माणसाने पंचा धुतला नाही तो विहिरीवर जाऊन पंचा का धुतोय?

वाशीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. फोटो उजेडासमोर धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "उजवीकडे वरच्या बाजूला गाठ दिसतेय. विडी ओढतात?"

"ओढतात."

"उशीर करू नका. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा."

ताईचा ठरलेला सासरा शेजारच्याच गावचा. उंच, बोलका, प्रत्येक कामात पुढे होणारा माणूस. त्यांच्या ओळखीचं कोणीतरी त्या हॉस्पिटलात नोकरीला होतं, म्हणून ते आपणहून आले. "आता आपन सोयरे झालो. एकला कशाला जातंव?" त्यांनी रजा टाकली, रांगेत पहाटेपासून उभे राहिले, ओळख लावून नंबर पुढे आणला. त्यांच्याविषयी पुढे मला राग आला, पण हेही मला विसरता येत नाही.

तपासायला एक तरुण डॉक्टर होते. बाबा स्टुलावर, मी शेजारी, व्याही मागे बाकावर. डॉक्टर प्रश्न विचारायचे आणि मी उत्तरं द्यायची. किती दिवस खोकला, किती वजन घटलं, विडी किती. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, पूर्वी कधी टीबी झाला होता का?

"नो सर, नेव्हर," मी म्हणाले.

मला आठवतं, मी बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. इंग्रजीत विचारलेला प्रश्न इंग्रजीत परतवला याचंच मला समाधान होतं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खोडलं. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, कॅन्सर असण्याची शक्यता जास्त आहे, दुर्बिणीने तपासावं लागेल, पुढच्या आठवड्यात या.

घरी आल्यावर दोन दिवसांत सगळ्या गावाला कळलं. बायका आईपाशी येऊन बसायच्या, बाबांच्या विडीला शिव्या द्यायच्या आणि जायच्या. एक गोष्ट मला तेव्हा समजली नव्हती, नंतर पुष्कळदा मनात आली. आमच्याकडे कॅन्सर झाला असं उघड सांगता येत होतं. कॅन्सर म्हणजे नशीब, एका माणसाचं. टीबी म्हणजे घराणं. टीबीच्या घरात कोणी मुलगी देत नाही, त्या घरची मुलगी कोणी करत नाही, त्या घरी कोणी पाणी पीत नाही.

व्याही संध्याकाळी येऊन म्हणाले, "लगीन वैशाखात नको. पंधरा दिवसांनी करू. बापसाच्या डोल्यादेखत व्हायला पायजे." आईने त्यांच्यापुढे हात जोडले. ताई आत बसून रडत होती, लग्न लवकर होतंय म्हणून की बाबा जाणार म्हणून, मी विचारलं नाही. मांडवाची माणसं ठरली. बाबा बघत राहिले, जसे इमारतीच्या कामावर बसून बघायचे तसे.

दुसऱ्या खेपेला, दुर्बिणीच्या तपासणीआधी, थोरल्या डॉक्टरांनी बघितलं. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला, सकाळपासून माणसं तपासून कंटाळलेले. व्याही आताही बरोबर होतेच. डॉक्टरांनी फोटो दिव्याच्या पेटीवर लावला आणि गाठीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"गाठीच्या डोक्यावर ही काळी कोर दिसते? चंद्रासारखी? ही हवा आहे," ते म्हणाले. "मला हे नेहमीसारखं वाटत नाही. टीबी झाला होता का यांना?"

"नाही," मी पुन्हा म्हणाले. "मागच्या वेळी सांगितलं."

"तुम्हाला नाही विचारलं. बाबा, तुम्ही सांगा."

बाबांनी मागे बाकाकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "पोरगी बोलली तेच," ते म्हणाले.

डॉक्टरांनी फोटो पेटीवरून काढला. मग मला म्हणाले, "घरी छातीचा एखादा जुना फोटो असला तर घेऊन या. कितीही जुना असू दे. नसेल तर नाइलाज आहे, कॅन्सर धरूनच पुढचं करावं लागेल."

बसमध्ये व्याही सगळा वेळ मांडवाबद्दल बोलत होते. मी बाबांची मागे वळलेली मान आठवत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना कोणाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मुकादमाला नाही, मोजणीवाल्याला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई सुपात जवळा घेऊन निवडत बसली होती. मी समोर बसले.

"आये, त्या वर्षी बाबा खरंच गोदीत व्हते?"

तिचा हात थांबला नाही. "तुना कोनी सांगला?"

"कोनी नाय. मीच विचारते."

"मंग नको इचारू."

"डॉक्टर दोनदा विचारत होते, टीबी झालता काय. मी दोन्ही येला नाय बोलली."

आता हात थांबला. "बरा केलास," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "ते कॅन्सर हाय बोलले ना? मंग टीबीचा त्यांना काय काम? तो तं कवाच बरा झाला."

असं मला माझ्या बापाच्या नऊ महिन्यांबद्दल कळलं. गोदी नव्हती, टीबीचं हॉस्पिटल होतं. रोज सुई टोचून घ्यायची, अंडं-दूध खायचं आणि उन्हात जायचं नाही. म्हणून ते उजळून आले होते. आई दोनदा भेटायला गेली होती, ताजी मासळी विकायला जाते असं गावात सांगून आणि डोक्यावर खरोखरच टोपली घेऊन. वाटेत ती विकूनही टाकायची, खोटं नको म्हणून.

मी जुन्या फोटोचं विचारलं. ती उठली, भिंतीवरची एकवीरेची तसबीर काढून मांडीवर उलटी घेतली आणि विळ्याच्या टोकाने मागचे खिळे उचकटले. पुठ्ठ्याच्या आत, देवीच्या कागदाला पाठ लावून, एक्सरेची प्लेट होती. कडा ओलीने चिकटलेल्या, एका कोपऱ्यात पांढऱ्या शाईने बाबांचं नाव. घरात दुसरीकडे कुठेही ठेवली असती तर कोणाच्या तरी हाती लागली असती. देवीची तसबीर कोण उचकटतो? मी रोज तिच्यापुढे उदबत्ती लावून परीक्षेला जात होते.

"लगीन होऊ दे," आई म्हणाली. "मंग ने."

"तोवर उपचार चालू होतील. चुकीचे असले तर?"

"आनि लगीन मोडला तं?"

 तिने मात्र प्लेट परत आत घातली नाही. तसबीर तेवढी भिंतीला लावली, प्लेट सुपाशेजारी राहू दिली आणि जवळा निवडायला बसली. एवढीच तिची परवानगी.

मी ती प्लेट माझ्या कॉलेजच्या चित्रांच्या कागदांमध्ये गुंडाळली. सकाळी व्याह्यांना निरोप पाठवला की आज जायचं नाही, आणि बाबांना घेऊन निघाले. बाबांनी विचारलं, "कागद कसले?" मी म्हणाले, "तुमचा फोटो हाय. जुना." ते खिडकीबाहेर बघत राहिले. खाडीवरचा पूल संपला, मानखुर्द आलं, तेव्हा बोलले.

"आयनं दिला?"

"हो."

"मंग झाला."

थोरल्या डॉक्टरांनी दोन्ही प्लेटा शेजारी शेजारी लावल्या. जुन्या प्लेटमध्ये उजव्या बाजूला वर एक पोकळी होती, टीबीने खाऊन टाकलेली जागा. नव्या प्लेटमध्ये बरोबर तिथेच गाठ. डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. कंटाळलेला माणूस एकदम जागा झाल्यासारखा झाला. त्यांनी बाबांना एक्सरेच्या खोलीत नेलं आणि उभं न ठेवता कुशीवर झोपवून फोटो काढायला लावला.

ती प्लेट ओली असतानाच त्यांनी उजेडाला धरली. गाठ जागेवर नव्हती. पोकळीत घरंगळून खालच्या अंगाला आली होती, आणि काळी कोर तिच्या वर सरकली होती.

"बघा," ते म्हणाले. "कॅन्सर असा लोळत नाही. टीबी बरा झाला पण भोक राहिलं. त्या भोकात बुरशी वाढली आणि तिचा गोळा झाला. फोटोत पुष्कळदा कॅन्सरसारखाच दिसतो."

बाबांनी मला विचारलं, "बुरशी? भाकरीवर येते ती?"

"तशीच," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी बुरशीचं नाव सांगितलं. अॅस्परजिलस. ते नाव माझ्या जर्नलमध्ये होतं. शिळ्या भाकरीचा तुकडा ओला करून, झाकून ठेवून, चार दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मी तिचं चित्र काढलं होतं. दांडा, त्यावर गोल डोकं, डोक्यावर बीजाणूंच्या माळा. बाईंनी त्यावर 'उत्तम' लिहिलं होतं.

डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या दिसता. मग टीबी नाही असं का सांगितलंत?"

"मला माहीत नव्हतं."

"मग तसं सांगायचं."

त्यापुढे ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांचं म्हणणं असं की रक्त पडतंय, त्यामुळे फुप्फुसाचा तेवढा भाग कापून काढावा लागेल. ऑपरेशन मोठं आहे, धोका आहे, पण माणूस वाचू शकतो. बाबांनी ऐकून घेतलं. घरी न जाता परस्पर व्याह्यांकडे जाऊ म्हणाले.

व्याही ओटीवर सुपारी कातरत होते. बाबा उभ्यानेच बोलले. "पावनं, मना कॅन्सर नाय. मना टीबी झालता, बारा-तेरा वर्षांमागं. तो बरा झाला. त्याच्या भोकात बुरशी झाली हाय, ती कापनार. मी तुमाला खोटा बोललो."

व्याह्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "बसा तं खरा," ते म्हणाले. पण आतून पाणी आलं नाही. आमच्याकडे आलेल्या माणसाला आधी पाण्याचा तांब्या येतो. आम्ही थोडं थांबलो. मग बाबा म्हणाले, "चला गो."

चार दिवसांनी एका बाईकडून निरोप आला की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. मांडवाच्या माणसांना नाही म्हणून सांगायला मीच गेले. ताई माझ्याशी बोलेनाशी झाली. एकदाच बोलली, चुलीशी, माझ्याकडे पाठ करून. "तुज्या कालेजानं बाबा वाचतील. माजा लगीन मोडला. दोनी लिवून ठेव तुज्या वहीत."  

ऑपरेशनआधी रक्त द्यायला माणसं लागणार होती. गावातली काही आली, काहींनी टाळलं, कारण टीबीची बातमी आता सगळीकडे पोचली होती. त्या सकाळी रक्तपेढीच्या बाकावर मला व्याही बसलेले दिसले. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी एक बाटली रक्त दिलं, तिथला चहा प्यायले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि बसच्या रस्त्याला लागले. बाबांना भेटले नाहीत. या माणसाचा हिशेब मला कधी लागला नाही.

बाबा त्या हॉस्पिटलात दीड महिना होते. आई, मी, ताई पाळीपाळीने जायचो. या वेळी कोणी विचारलं तर आम्ही खरं सांगायचो, आणि खरं सांगायचासुद्धा थकवा येतो हे मला तिथे कळलं. प्रत्येकाला टीबी, भोक, बुरशी पहिल्यापासून सांगायचं, आणि तरी तो विचारणार, "म्हंजे कॅन्सरच ना?" माझी परीक्षा त्याच महिन्यात होती. मी बसले नाही, पुढच्या वर्षी बसले.

कापून काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला तो मीच वाचला. बाबांच्या खाटेशी उभं राहून, शब्द न शब्द, आधी इंग्रजीत आणि मग आपल्या बोलीत. बुरशी. कॅन्सर नाही. बाबा म्हणाले, "परत वाच." मी परत वाचला. या वेळी मधे थांबून त्यांना विचारत होते, समजलं का म्हणून.

दोन वर्षांनी ताईला दुसरं स्थळ आलं. पाहुणे बसताच, पोहे यायच्या आधी, बाबांनी सदरा वर करून पाठीवरचा व्रण दाखवला. "मना टीबी झालता, बरा झाला. मंग बुरशी झाली, ती काढली. आता काय इचारायचा तं इचारा." मुलाचा बाप वाकून व्रणाकडे बघत म्हणाला, "टाके बरे घातलेत." लग्न झालं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ताई माझ्याशी नेहमीसारखं बोलली, जसं काही झालंच नव्हतं. मीही विषय काढला नाही.

जुनी प्लेट पुन्हा तसबिरीमागे गेली नाही. ती मी माझ्या पदवीच्या कागदांबरोबर ठेवली आहे.

बाबांना कॅन्सर नव्हता. ऑपरेशननंतर ते चौदा वर्षं जगले, त्यांतली नऊ त्यांनी नोकरी केली, आणि मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले.